काय काढावं आणि काय सोडावं

यंदा आम्ही घर विकायला काढलं. मुलं केव्हाच पांगली, गुडघे कुरकुरू लागले आणि दोघांना पुरेल असा छोटा काँडो बघून झाला. सौ.ने वरचे दोन्ही मजले तीन आठवड्यांत आवरले आणि मग बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहून विचारलं, "अहो, खाली तुमचं संस्थान आहे. ते कधी खालसा करायचं?"

संस्थान म्हणजे चार लोखंडी रॅक, साठेक कॉफीचे रिकामे डबे आणि बुटांची खोकी. त्यांत चाळीस वर्षांत जुने रेडिओ, व्हीसीआर, प्रिंटर, कॉम्प्युटर यांच्या पोटातून काढून ठेवलेले सुटे भाग. यात सगळा दोष माझा नाही. आपल्या मंडळातल्या कित्येकांनी आपापले निकामी व्हीसीआर माझ्याच दारात आणून सोडले आहेत, हे त्यांनी हे वाचताना आठवावं!

हे सगळं चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या उपकरणातून भाग कसे काढायचे हे मला लवकर जमलं, पण कुठले सोडून द्यायचे हे कळायला निम्मं आयुष्य गेलं. खरी विद्या ती दुसरीच. ती लिहून ठेवावी, म्हणून हा लेख.

लॅमिंग्टन रोड ते कर्ब

मुंबईत शिकत असताना आमची पंढरी म्हणजे लॅमिंग्टन रोड. त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते पत्र लिहिताना. दुकान शोधताना लॅमिंग्टन रोडच. एसी १२८, बीसी १४८, एसएल १०० ही ट्रान्झिस्टरांची नावं आम्हाला क्रिकेटपटूंच्या नावांसारखी पाठ होती. महिनाअखेरीला खिशात नवा भाग घेण्याइतके पैसे नसत. मग जुन्या बोर्डावरून उतरवलेला भाग घासाघीस करून घ्यायचा. टाकाऊतून काही काढणं हा छंद नव्हता, गरज होती.

१९८१ साली न्यू जर्सीत आलो, तेव्हा ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन सहकाऱ्याने मला त्यांचा लॅमिंग्टन रोड सांगितला. मॅनहॅटनमध्ये कोर्टलँड स्ट्रीटच्या आसपास रेडिओची दुकानंच दुकानं होती, त्या भागाला 'रेडिओ रो' म्हणत. पहिलं दुकान १९२१ साली निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचं जुनं रेडिओसामान तिथे ढिगाने विकायला येई. १९६६ साली वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी तो सगळा भाग पाडला गेला. म्हणजे मी पोचलो तेव्हा तिथे जुळे मनोरे उभे होते आणि रेडिओ रो फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरला होता.

पण त्याची भरपाई करणारी एक गोष्ट दारातच होती, ती म्हणजे कर्ब. मोठं सामान उचलून न्यायच्या आदल्या रात्री लोक चांगले दिसणारे टीव्ही, स्टीरिओ रस्त्याकडेला ठेवून जात. आमचा पहिला रंगीत टीव्ही तिथलाच, आतला एक फ्यूज बदलल्यावर नऊ वर्षं चालला. शिवाय ट्रेंटन कॉम्प्युटर फेस्टिव्हल होता. १९७६ साली ट्रेंटन स्टेट कॉलेजात सुरू झालेल्या त्या मेळाव्याचा जुना बाजार म्हणजे आमच्यासारख्यांची जत्रा.

आता कर्बवरचे ते दिवस संपले. १ जानेवारी २०११ पासून न्यू जर्सीत टीव्ही, कॉम्प्युटर आणि मॉनिटर साध्या कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. ते संकलन केंद्रावरच न्यावे लागतात, आणि ते योग्यच आहे. का, ते पुढे सांगतो. सामान आता ओळखीच्यांकडूनच येतं, त्याला मात्र खंड नाही.

हिशेब आधी

पार्टीत हमखास प्रश्न येतो, "यातून सोनं निघतं म्हणे?" निघतं. पण कॉम्प्युटर कार्डाच्या कडेला जे पिवळं चमकतं, तो मुलामा एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो. तो सोडवायला जहाल आम्लं लागतात. त्यांच्या वाफेने फुप्फुसं जातात आणि उरलेलं विषारी पाणी टाकायला जागा नसते. घरी हा उद्योग कुणीही करू नये.

दुसरा प्रश्न पैसे वाचतात का, हा. नवे शंभर रेझिस्टर दोन-चार डॉलरला मिळतात. जुन्या बोर्डावरून एक उतरवायला मिनिट-दीड मिनिट जातं, आणि हातात येतो तो आखूड पायांचा. त्यावरचे रंगांचे पट्टे वाचायला भारतात शिकलेल्या प्रत्येक इंजिनियरला बी. बी. रॉय आणि त्यांची गुणी बायको यांचं सूत्र पाठ असतं, पण जळकट बोर्डावर तांबडा आणि नारिंगी यांत फरक करताना रॉयसाहेबही हात टेकतील. माझ्याकडे सात डबे भरून असे रेझिस्टर निघाले. चाळीस वर्षांत त्यांतले वीससुद्धा वापरले नसतील.

तेव्हा पहिला नियम: जो भाग नवा स्वस्त मिळतो, तो जुन्यातून काढू नये.

दुसरा नियम वयाचा. उपकरणातला प्रत्येक भाग सारखा म्हातारा होत नाही. सगळ्यात लवकर जातो तो इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे बोर्डावर उभा असलेला छोटा नळकांड्यासारखा डबा. त्यात अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांमध्ये द्रवाने भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. तळाच्या रबरी बुचातून तो द्रव हळूहळू उडून जातो. डब्यावर '१०५ अंश' असं छापलेलं असतं आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकात त्या तापमानाला, समजा, २००० तासांचं आयुष्य दिलेलं असतं. २००० तास म्हणजे जेमतेम ८३ दिवस! पण तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. आत ५५ अंश असतील तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे ६४,००० तास, सुमारे सव्वासात वर्षं. वीस वर्षं चाललेल्या उपकरणातला कपॅसिटर काढून ठेवणं म्हणजे निवृत्त माणसाला पुन्हा पहिल्या पाळीला लावण्यासारखं आहे. डब्याचा माथा फुगलेला दिसला तर तपासायचीही गरज नाही. २००० सालाच्या पुढेमागे बनलेल्या बऱ्याच मदरबोर्डांवर असे फुगलेले कपॅसिटर सापडतात.

याउलट तांबं आणि लोखंड सहसा म्हातारं होत नाही. ट्रान्सफॉर्मर, अॅल्युमिनियमचे हीटसिंक, रिले, स्विच, फ्यूजची घरं, जाड वायरी, प्लास्टिक फिल्मचे कपॅसिटर, क्रिस्टल हे सगळं जपून काढावं. प्रिंटरमधल्या स्टेपर मोटारी तर काढाव्यातच. त्यांना विजेचा एकेक ठोका दिला की त्या मोजून तेवढ्याच फिरतात, एका फेरीचे २०० भाग करणाऱ्या सर्रास सापडतात. त्यांच्यासोबत पोलादाचे गुळगुळीत दांडे आणि दातेरी पट्टेही मिळतात. हार्ड डिस्कमधले निओडिमियमचे चुंबक इतके जोरदार असतात की दोघांच्या मध्ये बोटाची कातडी सापडली तर डोळ्यांत पाणी येतं. आणि स्क्रू! व्हीसीआर, कॅसेट प्लेयर, प्रिंटर यांचे बारीक स्क्रू नेमके हवे असतात तेव्हा दुकानात मिळत नाहीत.

तिसरा वर्ग आता बनतच नाही किंवा क्वचितच बनतो अशा भागांचा. जुन्या रेडिओतला, पात्यांत पाती सरकणारा गँग कंडेन्सर हा त्यातला मुख्य. कुणी आजोबांचा रेडिओ दुरुस्तीला आणला तर असा भाग दुसऱ्या रेडिओतूनच येतो. इथे जुन्याला पर्याय नाही.

नव्या उपकरणांतून मात्र फारसं काही हाती लागत नाही. आतले भाग साबुदाण्याहून लहान. सिरॅमिक कपॅसिटरवर तर काहीच छापलेलं नसतं. बोर्डावरून उतरला की त्याची ओळख गेली.

उतरवायचं कसं

जुन्या उपकरणांचं सोल्डर कथील आणि शिशाचं. नेहमीच्या ६३:३७ प्रमाणातलं १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. युरोपने जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आणले, तेव्हापासून बहुतेक उपकरणांत बिनशिशाचं सोल्डर आलं. ते साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि चिवटही असतं. त्यावर एक सोपी युक्ती आहे. जुन्या जोडावर आधी थोडं नवं, शिशाचं सोल्डर लावायचं. दोन्ही एकजीव झाली की जोड कमी तापमानाला सुटतो, मग सोल्डर पंपाने किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्टीने ते शोषून घ्यायचं. ओढाताण करू नये. भाग निघत नसेल तर उष्णता कमी पडते आहे असं समजावं. खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर, जेवायच्या आधी, हात साबणाने धुवावेत. शिसं दिसत नाही, पण बोटांना लागतं.

काढलेला भाग तपासल्याशिवाय डब्यात टाकू नये, आणि डब्यावर तो कशातून आणि कधी काढला ते लिहावं. तपासायला वीस-पंचवीस डॉलरचा मल्टिमीटर पुरतो. ट्रान्झिस्टरवरचा आकडा मात्र नीट वाचायला शिकावं लागतं. जपानी ट्रान्झिस्टरवर नुसतं 'सी १८१५' छापलेलं असतं. त्याचं पूर्ण नाव '२एससी १८१५', पुढची दोन अक्षरं गाळायची तिकडची रीत. त्याचे पायही वेगळे. अमेरिकन २एन ३९०४ चा मधला पाय बेसचा, तर या जपान्याचा मधला पाय कलेक्टरचा. हे माहीत नसताना मी एकदा चार ट्रान्झिस्टर ओळीने जाळले आहेत.

एका डायोडची गोष्ट

१९९४ सालचा आमचा गणेशोत्सव. दुपारी शाळेच्या सभागृहात नाटक, आणि रविवारी सकाळी आठ वाजता मंडळाचा अँप्लिफायर सुरू करताच फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. दुकानं उघडायला अवकाश होता.

अँप्लिफायर घरी आणला. फ्यूज लगोलग उडतो म्हणजे आत कुठेतरी वाट सरळ मिळते आहे. ट्रान्सफॉर्मरनंतर लगेच ब्रिज रेक्टिफायर असतो. चार डायोड एकत्र बसवलेला हा चार पायांचा चौकोनी तुकडा उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेने वळवतो. चांगला डायोड मीटरवर एका बाजूने अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि उलट बाजूने काहीच नाही. इथे एका जोडीवर दोन्ही बाजूंनी शून्य आलं. निदान झालं. डब्यांत एका मेलेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेला ब्रिज होता, ६०० व्होल्ट सोसणारा. तपासला, बसवला आणि साडेअकराला सभागृहात परतलो. दोन अंकी नाटक आणि आरती निर्विघ्न पार पडली.

त्या भागाची किंमत तेव्हाही डॉलर-दोन डॉलरच होती. कामाला आलं ते त्याचं हाताशी असणं, आणि पॉवर सप्लायमध्ये असा भाग असतो हे मला ठाऊक असणं. तो पॉवर सप्लाय मी उघडून पाहिला नसता तर दोन्ही नसतं.

जिवाशी खेळ नको

आता जे सांगतो ते सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि मला ते सुखासुखी कळलेलं नाही.

मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. मला बघून तोही उपकरणं उघडायला शिकला होता आणि मला त्याचा अभिमान होता. एका शनिवारी मी वर फोनवर असताना त्याने फ्लॅश असलेला, एकदा वापरून टाकायचा कॅमेरा उघडला. फ्लॅशचा कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टला भरलेला असतो आणि बॅटरी काढली तरी तो भरलेलाच राहतो. खालून किंकाळी आली. मी पोचलो तेव्हा तो स्टुलावरून मागे पडला होता आणि अंगठ्यावर पांढरी भाजल्याची खूण होती. हृदयापर्यंत काही गेलं नाही, हे नशीब. सौ. मला एक शब्दही बोलली नाही, तेच जास्त लागलं. उघडायचं कसं हे मी त्याला शिकवलं होतं. कधी उघडायचं नाही, हे शिकवलंच नव्हतं.

त्या रात्री एक कागद लिहून जिन्याच्या भिंतीवर चिकटवला. तो असा:

मायक्रोवेव्ह ओव्हन उघडायचा नाही. आतला ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्ट देतो आणि तो झटका माणूस मारतो. इथे हुशारी कामाची नाही.

काचेच्या नळीचा जुना टीव्ही किंवा मॉनिटर उघडायचा नाही. रंगीत नळीला २० ते ३० हजार व्होल्ट लागतात. नळी स्वतःच कपॅसिटरसारखी असते आणि बंद केल्यावरही भार धरून राहते. शिवाय आत निर्वात पोकळी. नळी फुटली तर काच सुऱ्यांसारखी उडते.

धुराची सूचना देणारं यंत्र उघडायचं नाही. त्यांतल्या एका प्रकारात अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ असतो.

कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय मोठ्या माणसाशिवाय उघडायचा नाही. इथल्या १२० व्होल्टवर चालताना त्यातले दोन मोठे कपॅसिटर प्रत्येकी सुमारे १७० व्होल्टला भरतात. ते स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचे नाहीत; ठिणगी उडते, धातू वितळतो. २२०० ओहमचा, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी दोन टोकांना धरायचा. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पाच-सहा सेकंदांत जवळजवळ रिकामा होतो. तरी मीटर लावून खात्री करायची, कारण रिकामा केलेला कपॅसिटर थोडा भार परत वर आणतो.

पुढे लॅपटॉपच्या बॅटऱ्या आल्या तेव्हा एक ओळ वाढवली: लिथियमचा सेल भोसकायचा नाही, वाकवायचा नाही. त्याची आग सहजी विझत नाही.

उरलेल्या सांगाड्याचं काय?

उपयोगाचे भाग काढून झाले की मागे जे उरतं, ते वजनाने खूपच जास्त असतं. ते पुन्हा कचऱ्यात टाकलं तर आपण काही मिळवलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. बाकीच्यातला काही इतर देशांत पोचतो. असा घातक कचरा सीमेपार पाठवण्यावर बंधन घालणारा बाझल करार १९८९ चा. अमेरिकेने त्यावर १९९० मध्ये सही केली, पण अजून तो मंजूर केलेला नाही. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि बोर्ड आम्लात बुडवले जातात. माझ्या हौसेचा धूर दुसऱ्याच्या मुलाने गिळू नये, म्हणून सांगाडा मी संकलन केंद्रावरच नेतो.

खालसा

बेसमेंट रिकामं करताना मी जवळच्या हायस्कूलच्या रोबोटिक्स क्लबला विचारलं. शिक्षिका आल्या. त्यांनी मोटारी घेतल्या, चुंबक, स्विच, दांडे घेतले आणि रेझिस्टरचे सात डबे पाहून नम्रपणे "नो, थँक यू" म्हणाल्या. जरा लागलं. पण तो माझाच पहिला नियम होता.

शेवटचा व्हीसीआर मात्र मी कुणाला दिला नव्हता. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतरच्या मुलांना तो ठाऊकही नाही. दहा वर्षांची नात त्या दिवशी आमच्याकडे होती. मुलाचा फोन आधीच आला होता, "बाबा, कपॅसिटरचं आधी सांगा तिला." सांगितलं. भिंतीवरचा पिवळा पडलेला कागद तिच्याकडून वाचून घेतला. तिचं मराठी वाचन अक्षर लावत चालतं, त्यामुळे अर्धा तास गेला. मग व्हीसीआर उघडला, दोन दिवस प्लग काढून ठेवलेला.

आत मधोमध एक बारीक दिवा उभा असतो आणि दोन्ही कडांना एकेक डोळा. "आजोबा, बंद पेटीत दिवा कशाला?" मी उत्तर दिलं नाही, एक जुनी कॅसेट हातात दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, फीत काळी आहे आणि दोन्ही टोकांना मात्र पारदर्शक आहे हे तिच्या लक्षात आलं. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "फीत संपली की दिवा पलीकडे दिसतो. म्हणून ते थांबतं!" तो दिवा अवरक्त किरणांचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा, एवढीच भर मी घातली. एवढ्याचसाठी मी ते डबे चाळीस वर्षं सांभाळले असावेत.

नव्या घरी तीन डबे आले: एक स्क्रूंचा, एक ब्रिज आणि रिले यांचा, एक जुन्या रेडिओंचा. चौथा नात घेऊन गेली. त्यात काय असावं हे तिने स्वतः निवडलं आणि निम्मं परत ठेवलं. संध्याकाळी मुलगा तिला न्यायला आला. डबा उघडून त्याने एकेक वस्तू अंगठ्याने बाजूला सारत नीट पाहिली, झाकण लावलं आणि भिंतीवरचा तो कागद काळजीपूर्वक सोडवून डब्यावर ठेवला.